बारमध्ये "साहेब, आता बस" हे नेमकं कोणी म्हणायचं?

फ्लोअरवरचा

नमस्कार मंडळी. मी पुण्यातच बार-रेस्टॉरंट लाइनमध्ये आहे, वेटर म्हणून लागलो, मग कॅप्टन झालो, आता फ्लोअर सांभाळतो. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला जो गाडीचा अपघात झाला त्यावर शहरात खूप बोलून झालं, सतरा वर्षांचा मुलगा, ती महागडी गाडी, जामीन देताना त्याला लिहायला सांगितलेला तो तीनशे शब्दांचा निबंध, आणि मोटरसायकलवरचे ते दोघं तरुण इंजिनिअर जे घरी पोचलेच नाहीत. त्या रात्री तो मुलगा आधी दोन ठिकाणी बसून प्यायला असं पोलिसांनी सांगितलं, तिथल्या मालक-मॅनेजर लोकांना अटक झाली, आणि मग सगळीकडे काही दिवस आयडी बघणं कडक झालं. पण आमच्या लाइनमध्ये जी चर्चा व्हायला पाहिजे होती ती झाली नाही असं मला वाटतं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच आहे की गिऱ्हाईकाला थांबवायचं काम आपण हॉलमधल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर टाकून मोकळे झालोय. तो पोरगा ओडिशाचा नाहीतर नेपाळचा, सहा महिन्यांपूर्वी आलेला, अर्धी कमाई टिपवर, वरून महिन्याचं टार्गेट, आणि समोर पाच पेग झालेला माणूस टेबलावर हात आपटून "मालकाला बोलव" म्हणतोय. हा पोरगा नाही म्हणेल? मी तरी कसा म्हणू देऊ, दुसऱ्या दिवशी मालकच विचारतो टेबल का उठलं.

आणि दुसरं म्हणजे आपण फार उशिरा जागे होतो. माणूस अडखळायला लागला, आवाज चढला, की मग आपण एकमेकांकडे बघायला लागतो. तोपर्यंत वेळ गेलेली असते, कारण शेवटचे दोन पेग अजून पोटातच असतात, पूर्ण चढलेलेच नसतात. बिल देताना ठीक वाटणारा माणूस चांदणी चौकात पोचेपर्यंत वेगळाच झालेला असतो. त्यामुळे काम सहाव्या पेगला नाही, दुसऱ्याला सुरू करायचं असतं. टेबलावर बसल्याबरोबर पाणी ठेवा, न मागता. पहिल्या ऑर्डरबरोबर खायचं विचारा, आणि नुसता मसाला पापड नाही, पोटात टिकेल असं काहीतरी. ग्लास अर्धा असताना "रिपीट करू का सर" हे विचारायचंच नाही, माणूस स्वतः बोलवेल. मी माझ्या पोरांना हे शिकवतो पण दरवेळी वाटतं हे मी एकटा का शिकवतोय, हे कुठेतरी लिहिलेलं, ठरलेलं का नाही?

इथे धंद्यातले, बसणारे, डॉक्टर, सगळे आहेत. तुमच्याकडे काय करतात ते सांगा. आणि कृपा करून दारूबंदी हवी की नको यावर हा धागा नेऊ नका.

कोथरूडकर_जुना

चांगला विषय. मी महिन्यातून एकदा मित्रांबरोबर टिळक रोडच्या एका परमिट रूममध्ये बसतो. तिथले कॅप्टन काका आमच्यातल्या एकाला सरळ सांगतात "दादा, आता जेवण लावतो", म्हणजे बार बंद. विचारत नाहीत, भाकरी आणून ठेवतात. तो ऐकतो पण, कारण काकांनी त्याला तो कॉलेजला असल्यापासून बघितलंय. नवीन चकाचक पबमध्ये हे कसं होणार, तिथे दर दोन महिन्यांनी स्टाफ बदलतो.

परखड_सदाशिव

मला हे सगळं जरा जास्त वाटतंय. पंचवीस वर्षांच्या वरचा माणूस आहे, स्वतःच्या पैशाने पितोय, त्याला कळतं की नाही? वेटरने मला किती झाले ते मोजायचं म्हणजे उद्या मिठाईवाला मला डायबेटिस आहे का विचारणार. पोलीस आहेत, नाकाबंदी आहे, ब्रेथ अ‍ॅनालायझर आहे, ज्याचं काम त्याने करावं.

फ्लोअरवरचा

@परखड_सदाशिव, तुमचा मुद्दा समजतो पण मिठाई खाऊन माणूस दुसऱ्याच्या अंगावर गाडी घालत नाही. आणि "त्याला कळतं" हेच तर पहिल्यांदा जातं, ही दारूची खासियत आहे. शुद्धीवर असताना ठरवून आलेला माणूस असतो की आज दोनच, आणि तिसऱ्यानंतर तेच ठरवणारा माणूस टेबलावर राहिलेला नसतो. मी वीस वेळा विकायला उभा राहतो तर एकदा थांबवायला पण उभा राहिलं पाहिजे, लायसन्स त्यासाठीच असतं ना.

कॅज्युअल्टी_डॉक्टर

मी सरकारी नोकरीत नाही, एका खाजगी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला रात्रपाळ्या करते. वर जे लिहिलंय की शेवटचे पेग अजून चढलेले नसतात ते अगदी बरोबर आहे. दारू रक्तात पूर्ण चढायला अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत लागू शकतो, पोट भरलेलं असेल तर हळू. आणि उतरायला मात्र यकृताचा स्वतःचा वेग आहे, तासाला साधारण एक स्मॉल. तो वेग कॉफीने वाढत नाही, लिंबू सरबताने नाही, तोंडावर गार पाणी मारून नाही आणि उलटी करून पण नाही. कॉफी पाजलेला माणूस म्हणजे जागा असलेला नशेतला माणूस, एवढाच फरक. व्होडकात एनर्जी ड्रिंक घालून पिणारी मुलं तर जास्त धोक्यात, त्यांना झोप येत नाही म्हणून वाटतं चढलीच नाही.

हिशोब सांगते कारण बहुतेकांना माहीत नसतो. तीस मिलीच्या एका स्मॉलमध्ये अंदाजे दहा ग्रॅम अल्कोहोल. लार्ज म्हणजे वीस. क्वार्टर म्हणजे सहा स्मॉल, साठ ग्रॅम. आणि लोक "मी फक्त बिअर घेतो" म्हणतात ती ६५० मिलीची आठ टक्क्यांची स्ट्राँग बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, चार स्मॉल झाले की हो. दोन बाटल्या प्यायलेला माणूस म्हणतो मी हार्डला हात लावत नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी एकच लार्ज पटकन संपवला तरी हिशोबाने तो ४० च्या आसपास जातो. बाईचं वजन कमी, शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, ती अजून वर. म्हणजे "दोन पेगला काही होत नाही" हे वाक्य गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत कुठेच बसत नाही. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, हे बारच्या मेन्यू कार्डच्या मागे छापायला हरकत नाही.

अजून एक, हे बारच्या लोकांनी नक्की वाचा. कोपऱ्यात डोकं टेकवून झोपलेला माणूस म्हणजे झोपलेलाच असं धरू नका. हलवून उठत नसेल, श्वास संथ किंवा थांबून थांबून चालला असेल, अंग गार आणि निळसर वाटत असेल तर लगेच १०८. कुशीवर वळवा, उताणा ठेवू नका, उलटी श्वासनलिकेत जाऊन माणूस दगावतो. तोंडात काही घालू नका. आणि प्रत्येक बरळणारा माणूस प्यायलेलाच असतो असं नाही, शुगर खाली गेलेला डायबेटिक अगदी तसाच दिसतो, घाम, अडखळणं, चिडचिड. डोक्याला मार लागलेला पण तसाच दिसतो. बाउन्सरने उचलून बाहेर फुटपाथवर बसवायच्या आधी दोन मिनिटं बघा.

रातराणी

डॉक्टर, खूप धन्यवाद, हे प्रिंट काढून लावण्यासारखं आहे.

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. मी आणि मैत्रिणी बालेवाडी, कोरेगाव पार्क इकडे जातो. जबाबदारीने सर्व्ह करणं म्हणजे फक्त गाडीचा विषय नाही. पलीकडच्या टेबलवरून "त्या मॅडमना माझ्याकडून" म्हणून ड्रिंक येतं आणि वेटर सरळ आणून समोर ठेवतो. आधी येऊन विचारा ना, "पलीकडून पाठवतायत, घ्यायचंय का", आणि नाही म्हटलं तर तिकडे जाऊन आमचा निरोप सांगत बसू नका, नुसतं "सॉरी सर" म्हणा. ग्लास टेबलवर सोडून आम्ही वॉशरूमला गेलो तर परत आल्यावर नवीन विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एखादी मुलगी नीट उभी राहू शकत नाहीये आणि कोणीतरी "मी सोडतो हिला" म्हणून घेऊन चाललाय, तर दारावरच्या माणसाने थांबवून विचारलं पाहिजे की हे तुमच्याबरोबर आले होते का, तिला नाव सांगता येतंय का, तिच्या बरोबरच्या बाकीच्या कुठे आहेत. दोन प्रश्न विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. इंग्लंडमध्ये २०१६ ला लिंकनशरमधून सुरू झालेली पद्धत आहे, बाईने बार काउंटरवर जाऊन "अँजेला आहे का" विचारलं की स्टाफला कळतं हिला मदत हवीय, तिला शांतपणे बाजूला घेतात, कॅब बोलावून देतात. आपल्याकडे सरळ "मॅनेजर मॅडम आहेत का" एवढं जरी ठरवलं तरी चालेल, पण मग फ्लोअरवर रात्री एक तरी बाई मॅनेजर हवी.

मेलबर्नहून_परत

मी शिकायला ऑस्ट्रेलियात होतो तेव्हा पार्टटाइम बारमध्ये काम केलं. तिथे व्हिक्टोरियात कामाला लागल्यापासून महिन्याभरात आरएसए, म्हणजे जबाबदारीने दारू सर्व्ह करण्याचं सर्टिफिकेट, घ्यावंच लागतं, दर तीन वर्षांनी रिफ्रेशर. पिण्याचं पाणी फुकट द्यायलाच लागतं. प्रत्येक बाटलीवर छापलेलं असतं यात किती स्टँडर्ड ड्रिंक आहेत, तिथलं स्टँडर्ड पण दहा ग्रॅमचंच, म्हणजे डॉक्टरांचा हिशोब गिऱ्हाईकाला बाटलीवरच वाचता येतो. पण मला खरा फरक वाटला तो वेगळा. नशेत असलेल्या माणसाला दिलं तर दंड मालकाला तर होतोच, सर्व्ह करणाऱ्यालाही होतो, त्यामुळे मी नाही म्हटलं की मॅनेजर माझ्या मागे उभा, कारण त्याचंही लायसन्स त्यात अडकलेलं. कोणी माझ्यावर ओरडलं तर ओरडणारा बाहेर. इंग्लंडमध्ये पण २००३ च्या लायसन्सिंग अ‍ॅक्टमध्ये नशेतल्या माणसाला दारू विकणं हाच गुन्हा आहे, कलम १४१. सर्टिफिकेटचा कागद राहू दे, मॅनेजर मागे उभा राहतो हे इथे आणता आलं पाहिजे.

परमिटरूमवाला

मी मालक आहे, सिंहगड रोडच्या बाजूला, तिसरी पिढी. धागा रात्री बसून सगळा वाचला, आता मालकाची बाजू पण ऐका.

एफएल-३ म्हणजे परमिट रूमच्या लायसन्सची फी किती जाते, भाडं किती जातं, स्टाफचं राहणं-जेवण, हे सगळं दारूच्या विक्रीतूनच निघतं, जेवणातून निघत नाही. त्यामुळे मालक विक्री बघणारच, त्यात लाजायचं काही नाही. पण ज्या एका टेबलमुळे माझं लायसन्स जाऊ शकतं ते टेबल मला नको आहे, हे बऱ्याच मालकांच्या डोक्यात अजून गेलेलं नाही. अल्पवयीन मुलाला दारू दिली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. उत्पादन शुल्कवाले वेगळे येतात. मग चार हजारांच्या बिलाचं काय करायचं?

आमच्याकडे मी काय बदललं ते सांगतो. पहिलं म्हणजे वेटरचं दारूवरचं टार्गेट बंद. कंपन्यांच्या स्कीम येतात, अमुक ब्रँडच्या इतक्या बाटल्या खपवा, त्या मी घेतो पण पोरांपर्यंत जाऊ देत नाही, त्यांना इन्सेन्टिव्ह द्यायचा तर जेवणाच्या ऑर्डरवर. दुसरं, टिप एकत्र. सगळी एका डब्यात, रविवारी वाटप, किचनला आणि भांडीवाल्या मावशींना पण त्यातून. सुरुवातीला जुन्या वेटरनी तोंडं वाकडी केली, दोघं सोडून पण गेले, पण आता ज्याने टेबल थांबवलं त्याची एकट्याची टिप बुडत नाही. तिसरं, टेबलवर क्वार्टर ठेवणं बंद. बाटली टेबलवर असली की कोण किती भरतोय याचा हिशोबच राहत नाही. पेग मेझरने मोजूनच जातो आणि केओटीवर, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठीवर, वेळ पडते, त्यामुळे कॅप्टनला एका नजरेत कळतं की तासाभरात या टेबलवर माणशी किती गेले.

चौथं म्हणजे नाही म्हणायचं ते कॅप्टन किंवा मी. वेटरने फक्त काउंटरवर येऊन टेबल नंबर सांगायचा. बस्स, त्याचं काम संपलं.

बारटेंडर_बाणेर

परमिटरूमवाले दादा, टार्गेट बंदचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे उलटं आहे, शनिवारी एकावर एक फ्री असतं रात्री आठपर्यंत आणि आठला पाच कमी असताना लोक एकदम चार-चार मागवून ठेवतात टेबलवर, मग बर्फ वितळायच्या आत संपवतात. त्यांना घाई आम्हीच लावतो ना. मी मॅनेजरला म्हटलं ऑफर द्यायची तर स्टार्टरवर द्या, नाहीतर एका वेळी माणशी एकच ग्लास टेबलवर असा नियम करा, तो म्हणाला बघू.

आयडीचं पण लिहितो. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि हार्डला २५ हे अर्ध्या कॉलेजच्या पोरांना माहीतच नाही, ते म्हणतात आमच्या गावाला अठराला मिळते. हिंजवडीतली तेवीस वर्षांची नोकरी करणारी मुलगी व्हिस्की मागते आणि मी नाही म्हणतो तेव्हा ती खरंच चिडते, पगार घेते, भाडं भरते, टॅक्स भरते, तिची चिड मला कळते पण लायसन्स तिच्या चिडीवर चालत नाही. फोनमधला फोटो दाखवतात, तो मी घेत नाही, मूळ कार्ड नाहीतर डिजिलॉकर उघडून समोर दाखवा. जन्मतारीख मी तोंडी पण विचारतो, आणि रास विचारतो. दुसऱ्याचं कार्ड घेऊन आलेला तारीख पाठ करून येतो पण रास विचारली की गडबडतो.

ग्रुपमध्ये सगळ्यात मोठ्याच्या नावावर ऑर्डर आणि ग्लास सरकतो धाकट्याकडे, हे सगळ्यात अवघड. तिथे पण मी आता टेबलवर जाऊन सांगतो की ग्लास सरकलेला दिसला तर पूर्ण टेबलचं बंद. एकदा मोठ्यानेच ऐकलं की पुढे तोच लक्ष ठेवतो.

परखड_सदाशिव

बरं, डॉक्टरांचा हिशोब वाचून मी थोडा मागे येतो. एक लार्जला मर्यादा ओलांडली जाते हे मला नवीन आहे. पण मग एक प्रश्न, माणूस प्यायलाय, थांबवलं, ठीक, आता तो गाडीची किल्ली मागतोय. वॅले, म्हणजे गाडी लावून देणारा पोरगा, काय करणार? किल्ली त्याची, गाडी त्याची. तुम्ही किल्ली ठेवून घेतली तर तोच पोलीस बोलवेल.

फ्लोअरवरचा

हा खरा अवघड प्रश्न आहे आणि बरं झालं विचारलात. जबरदस्तीने किल्ली ठेवून घ्या असं मी कोणाला सांगणार नाही, मारामारी वॅलेच्या पोरालाच सोसावी लागते. पण वेळ काढता येतो. गाडी लांब लावलीय सर, दहा मिनिटं, बसा, पाणी घ्या. तेवढ्यात त्याच्याबरोबरच्या शुद्धीतल्या माणसाला बाजूला घ्यायचं, त्याला सांगायचं, बहुतेक वेळा बायको किंवा मित्रच किल्ली घेतो. ड्रायव्हर बोलवून द्यायचा, तासावर ड्रायव्हर देणारे आहेत पुण्यात, दोन-तीन नंबर काउंटरवर हवेतच. गाडी रात्रभर आमच्याकडे राहू दे, सकाळी या, पार्किंगचे पैसे नाहीत, हे आधीच बोर्डावर लिहिलेलं असलं तर माणूस जास्त लवकर तयार होतो कारण त्याला सगळ्यात मोठी भीती गाडीची असते. एवढं करूनही तो निघालाच तर गाडीचा नंबर घेऊन ११२ ला फोन, आणि हे त्याला तोंडावर सांगायचं, की साहेब तुम्ही निघालात तर मला फोन करावा लागेल. मी हे सांगितलेलं आहे लोकांना. बहुतेक जण तिथेच थांबतात, शिव्या घालतात पण थांबतात.

आणि बसायला येताना जो गाडी घेऊन आलाय तो कोण हे टेबलवर पहिल्यांदाच विचारलं तर निम्मं काम होतं. "आज ड्रायव्हिंग कोण करतंय सर? त्यांच्यासाठी मोसंबी ज्यूस आमच्याकडून." एका ज्यूसचा खर्च किती येतो?

कोथरूडकर_जुना

हे ज्यूसचं आवडलं. पुण्यात रात्री बारानंतर बस नावालाच, मेट्रो नाही, बार दीडपर्यंत चालू, आणि रिक्षावाला मीटरने येत नाही. मग लोक स्वतःची दुचाकी काढतात. महापालिकेने आणि पोलिसांनी शुक्रवार-शनिवार कल्याणीनगर, मुंढवा, बाणेर, एफसी रोड इथे दीड वाजता प्रीपेड रिक्षा स्टँड जरी उभे केले तरी बारवाल्यांचं ओझं बरंच हलकं होईल. स्टेशनवर जमतं तर इथे का नाही.

नवीन_वेटर

नमस्कार, मी कॅम्पात एका हॉटेलात लागलोय, दोन महिने झाले, सगळं वाचलं. माझा एक प्रश्न आहे. आमच्याकडे गिऱ्हाईक फुल झालं की म्हणतं मी मालकाचा मित्र आहे, माझं बंद करणारा तू कोण. आमचे मालक रात्री नसतात. कॅप्टन पण घाबरतो. मग काय करायचं?

परमिटरूमवाला

बाळा, तू काउंटरवर टेबल नंबर सांग आणि तिथून बाजूला हो, तू वाद घालूच नको. कॅप्टनने त्या गिऱ्हाईकासमोरच मालकाला फोन लावायचा, रात्री एक वाजला असला तरी, आणि फोन त्याच्या हातात द्यायचा. मित्र आहे ना, बोलू दे. आमच्याकडे मी कॅप्टनला एक पत्र सही करून दिलंय की त्याने ज्याचं बंद केलं त्याचं मी चालू करणार नाही, मग तो माझा मेहुणा असला तरी, ते पत्र बार काउंटरच्या आत चिकटवलेलं आहे. तुझ्या मालकाला असं पत्र मागायला तुझ्या कॅप्टनला सांग. दोन ओळींचं असतं. मजकूर हवा असेल तर मला मेसेज कर, मी पाठवतो.

फ्लोअरवरचा

परमिटरूमवाले, मजकूर इथेच टाका ना, मलाही माझ्या मालकांकडून सही घ्यायची आहे. सोमवारी आमची मीटिंग आहे.